बिनमुंग्यांचं चित्र

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या माणसाला नाटकमंडळीत सगळे 'घुबड' म्हणत. नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि मंडळीची नाटकं बसवत. त्यांनी एकदा कुणाला नाव ठेवलं की ते चिकटलंच. घुबडाला त्याचा राग नव्हता. उलट आतून बरंच वाटायचं, कारण अंधारात चित्रीकरण करावं तर त्यानेच, असा त्या नावाचा एक अर्थ निघत होता.

तसा अर्थ निघायला सहा वर्षं लागली होती. कॅमेरा घरगुती, तळहातावर मावणारा, लोक सहलीला नेतात तसला. उजेडात तो छान चाले, पण नाटकातला दिवा मंद झाला की चित्रात मुंग्याच मुंग्या. पहिली फिल्म पाहून मास्तर म्हणाले होते, "हे नाटक आहे की वारूळ?" सगळी मंडळी खो खो हसली होती. मंडळीतली मुख्य नटी त्याची बायको; तीही हसली होती.

तेव्हापासून त्याने ध्यासच घेतला. काचांचा धंदा असल्याने एक गोष्ट लवकर उमगली: झूम करून लांबचं जवळ ओढलं की काचेतून उजेड कमी येतो. मग तो झूम सोडून स्वतःच पुढे सरकला, थेट पहिल्या रांगेच्या पायाशी. कॅमेरा हातात धरायचं सोडून तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला आणि शटर जरा सावकाश केलं. कॅमेरा आपल्या मनाने चित्र उजळवतो आणि मुंग्या त्यातूनच निघतात, हे कळल्यावर त्याने ती करामत बंद केली. अंधारात कॅमेऱ्याची नजर, म्हणजे फोकस, ठरत नाही, चित्र सारखं धूसर-स्पष्ट होतं, म्हणून नजरही हाताने पक्की करायला शिकला.

हे सगळं तो बायकोवर शिकला. संध्याकाळी दुकानातून आला की स्वयंपाकघरातले दिवे घालवायचा, टेबलावर एकच छोटा दिवा ठेवायचा, उजेड परतून यावा म्हणून त्याखाली पांढरी चादर अंथरायचा आणि तिला समोर बसवायचा.

"हलू नकोस."

"अहो, भाजी करपेल."

"करपू दे. मान जरा डावीकडे."

ती तासतासभर बसायची. एकदा उठताना तिच्या हाताने दुधाचं पातेलं उडालं. "डोळे फुटलेत का?" असं तो खेकसला आणि दिवा न लावता फडकं तिच्या अंगावर फेकलं. तिने जमिनीवर हात फिरवत फिरवत दूध पुसलं. अर्धं राहिलं, त्यावरूनही तो बोलला.

त्या वर्षीच्या नाटकात तिसरा अंक एका कंदिलाच्या उजेडात होता. घुबडाने आयुष्यात घेतलं नव्हतं असं चित्र त्या दिवशी घेतलं. घरी टीव्हीवर लावून पाहिलं तेव्हा त्याचा जीव सुपाएवढा झाला. एक मुंगी नाही! काळा तो काळाच, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ दिसत होती. बायको खुर्चीपर्यंत चालत येते, तो प्रवेश त्याने तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा त्याला तिचं पाऊल दिसलं.

पाऊल आधी पुढे जात होतं, जमिनीला चाटून अंदाज घेत होतं, मग अंगाचा भार त्यावर पडत होता. डावा हात पदराआडून टेबलाची कड शोधत होता. दोन वाक्यांच्या मध्येही तिचे ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती.

त्याने तिला हाक मारली. ती दारात आली, टीव्हीकडे न बघताच तिला कळलं.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं. डोळ्यांचा पडदा झिजतोय म्हणाले डॉक्टर. आधी अंधारातलं जाईल, मग बाजूचं, मग सगळं."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी चष्म्याच्या दुकानात काम करतो!"

"तुम्ही विचारलंत, फुटलेत का म्हणून," ती शांतपणे म्हणाली. मग खालच्या आवाजात, "ही फिल्म मास्तरांना दाखवू नका. बिघडली म्हणून सांगा. त्या उजेडात प्रेक्षकांना काही दिसत नाही. अजून दोन-तीन नाटकं तरी निभावतील माझी."

"बघू," तो म्हणाला.

रविवारी दुपारी तालमीच्या खोलीत सगळे जमले. घुबड हात हलवत आलेला पाहून मास्तरांनी भुवया उंचावल्या. "काय रे, पुन्हा वारूळ? तुझ्याच्याने व्हायचं नाही ते. पुढच्या वेळी बाहेरचा माणूस आणू या."

हसण्याचा एक फवारा उडाला. घुबडाची कानशिलं तापली. त्याने मागच्या बाकावरच्या बायकोकडे पाहिलं. ती नको म्हणून मान हलवत होती, अगदी थोडी, त्याच्यापुरती. कुणाच्या लक्षात यायचं नाही, एक पाऊल कोण बघतंय, असं त्याने स्वतःला समजावलं आणि खिशातून कॅसेट काढली.

कंदिलाचा प्रवेश सुरू झाला आणि सगळे खोलीतल्या टीव्हीकडे सरकले. "चित्र मात्र काय काढलंयस!" मास्तर पुटपुटले. घुबडाची छाती फुगली. पुढच्याच क्षणी मास्तर म्हणाले, "थांब. मागे घे. पायांकडे बघा सगळ्यांनी."

त्याने मागे घेतलं. एकदा, दोनदा. नाटकात भावाचं काम करणारा ओरडला, "तरीच म्हटलं, दर प्रयोगाला माझ्या पायावर पाय का पडतो!" पुन्हा हशा.

मास्तर उठून तिच्यासमोर गेले. तीन बोटं धरली. गोड आवाजात विचारलं, "बाई, किती?"

"तीन."

त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढले. खोलीत संध्याकाळइतका अंधार झाला. इतरांना मास्तरांचा हात स्पष्ट दिसत होता. त्यांनी मूठ वळली होती, एकही बोट वर नव्हतं.

"आता किती?"

तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग एखादा आकडा लागून जाईल या आशेने म्हणाली, "दोन."

या वेळी कुणी मोठ्याने हसलं नाही. तोंडावर हात धरून हसले. घुबड टीव्हीशेजारी उभा होता. पुढे कित्येक महिने त्याला छळलं ते त्या हसण्याने नव्हे. त्या क्षणीसुद्धा त्याच्या डोक्यात "चित्र मात्र काय काढलंयस" हेच घोळत होतं, याने त्याला छळलं.

तिचं काम गेलं. औषधांच्या दुकानदाराची सून तिच्या जागी आली. मास्तरांना फिल्मवरून नवं नाटक सुचलं होतं: नायिका आंधळी. "सुनेला ती फिल्म दे घरी, अभ्यासाला," त्यांनी सांगितलं. घुबडाने नक्कल काढून दिली. घरी बोलला नाही. पण अशा गोष्टी घरी पोचायला पाय लागत नाहीत.

"मला यायचंय प्रयोगाला," बायको म्हणाली.

तो तिला हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेला आणि स्वतः तिच्या पायाशी कॅमेरा लावून बसला. नायिका चाचपडत आली तशा टाळ्या पडल्या. शेजारच्या बाई भारावून म्हणाल्या, "अगदी खरं वाटतं, नाही?"

"नाही," बायको म्हणाली. "ती सारखी पायानेच शोधतेय. मी आधी कानाने शोधायचे. तिची पावलं मला इथून ऐकू येताहेत."

घुबडाने ते ऐकलं. मान वळवली नाही, कारण प्रवेश चालू होता.

महिन्याभरात ती आपल्या ताईकडे राहायला गेली. भांडण नाही, रडणं नाही. ताई जिना चढून आली, दोन पिशव्या भरल्या आणि तिला घेऊन गेली. आता बाजूचंही दिसेनासं झालं होतं.

तो दर रविवारी जाई. ती त्याच्याशी नीट बोले, दुकानातल्या गिऱ्हाइकांची चौकशी करी. एका रविवारी खाली अंगणात बसायला जाऊ या म्हणाली. जिन्याच्या तोंडाशी त्याने हात पुढे केला. ती चाचपत होती, तिच्या बोटांना त्याचं मनगट लागलं. तिने ते ओळखलं आणि सोडलं.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "ताईला बोलवा."

त्याने ताईला हाक मारली आणि त्या दोघी उतरून जाईपर्यंत भिंतीला अंग चोरून उभा राहिला.