मॅनेजरच्या खोलीतलं नाटक

आरमोरीच्या बाजारात बाबूभाईंचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान माझ्या सायकल दुकानाला लागून आहे. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहतात आणि बाबूभाई कॅमेरा घेऊन हिंडतात. उभी हयात त्यातच गेली. माणूस सोन्यासारखा, पण कॉम्प्युटर अडला की मुन्ना मेकॅनिकला बोलावून ‘विंडो मारून’, म्हणजे विंडोज नव्याने टाकून घेणार. आमच्याकडे ताप आला की सुई आणि कॉम्प्युटर अडला की विंडो! मला या रोगाची फार चीड आहे.

एका बाजारच्या दिवशी कॉम्प्युटरचा पडदा काळा तो काळाच. त्यावर एकच ओळ होती, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. बाबूभाईंचा चेहरा उतरला, कारण दुपारी भागीरथाबाई येणार होत्या. त्यांची लेक रंजीता नाटकात काम करायची. गेल्या वर्षी तापाने गेली. तिच्या नाटकाचं शूटिंग फक्त याच यंत्रात होतं आणि भाजी विकून झाली की माउली दर बाजारी लेकीला पाहायला यायची.

“विंडो मारतो. अर्ध्या घंट्यात चकाचक,” मुन्ना म्हणाला.

“अन् माझं शूटिंग?”

“थे डी ड्राइव्हमधी आहे ना? त्याले हात नाई लावत.”

बाबूभाईंनी मान डोलावली. जुनं पुसू का, असं पडद्यावर आलं. मुन्नाचं बोट बटणावर गेलं.

“थांब बे!” बाबूभाई ओरडले. “मागच्या बारीले समोर ठेवलेले माह्या नातीचे, इकराचे फोटो गेले होते. काऊन गेले?”

“समोरचं म्हंजे डेस्कटॉप. थे सी मधी राह्यते. सी तं पुसल्या जाते.”

बाबूभाईंनी मुन्नाचा हात बटणावरून ओढला. “रंजीताचं नाटक समोरच ठेवलं ना मी. बाईले वाट पाहा लागू नये म्हून.”

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे नाटक कंपनीचा मॅनेजर. पडदा, दिवे, पेटी, सगळ्यांना तोच कामाला लावतो. तो आजारी पडला तर खेळ उभा राहत नाही, पण सामान जागच्या जागी असतं. आमचे शहाणे मात्र नवा मॅनेजर आणायचा म्हणून जुन्याची खोलीच झाडून काढतात. बाबूभाईंनी पोरीला नेमकं त्याच खोलीत ठेवलं होतं!

“आधी डिस्क काढ बे!” मी मुन्नावर खेकसलो. त्याने मुकाट्याने डिस्क काढून मी घरून आणलेल्या कॉम्प्युटरला जोडली. नाटक उतरायला लागलं आणि अर्ध्यावर अडलं. तेवढ्यात दारात रिकामी टोपली घेऊन भागीरथाबाई.

“आज उशीर हाये काय जी?”

बाबूभाईंनी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. मी अल्ला आणि मार्कंड्याचा महादेव, दोघांनाही हाक मारली. हिरवी पट्टी हलली, पुन्हा थांबली, मग सरकत सरकत पुरी झाली. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली रंजीता आली आणि बाबूभाई लहान पोरासारखे रडले.

खेळ पाहून बाई उठल्या, तसे बाबूभाई म्हणाले, “बाई, पेन ड्राइव्हमधी देतो. घरी टीव्हीवर पाहत जा. माह्या डब्ब्याचा भरोसा नाई.”

“नको जी,” भागीरथाबाई म्हणाल्या. “शेवटी पोरगी मरते ना नाटकात. तुम्ही त्याच्या आधी बंद करता. घरी माह्यानं बंद होनार नाई.”