बाईंचे डोळे आणि तिरका जाणारा रोल

छपाईच्या कारखान्यात तिला सगळे ओळंबा म्हणत. नवरा गवंडी, म्हणून भिंत सरळ आहे का बघायच्या त्याच्या हत्यारावरून थट्टेनं पडलेलं नाव. पण ते टिकलं तिच्या नजरेमुळे. व्हिनाइलचा रोल मशिनवर चढवला की पहिले चार हात पुढे जाऊ देऊन ती कड बघायची. कड केसभर जरी सरकली तरी मशिन बंद, रोल खाली, पुन्हा पहिल्यापासून. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग मालकांचे जावई कारखाना बघायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांना काचेची केबिन हवी झाली. केबिनला जागा करायला लॅमिनेशनचं मशिन ओढत मागच्या भिंतीला नेलं, आणि तेव्हापासून रोल तिरका जायला लागला. छापलेल्या व्हिनाइलवर पारदर्शक फिल्म बसता बसता एका बाजूला ओढली जायची आणि उजव्या कडेला बारीक चुण्या पडायच्या. ओळंबानं रोल काढला, लावला, दोन्हीकडचा ताण हातानं चाचपून बघितला. चुण्या काही हटेनात.

"बाई, तुमचे डोळे गेलेत," जावई सगळ्यांदेखत म्हणाले. "वय झालं की माणसानं कबूल करावं."

आणि तिला ते खरं वाटलं! पुढे सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच. तीन आठवडे ती मान खाली घालून वावरली, शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "नंबर होता तोच आहे. आलात कशाला?"

घरी येऊन तिनं पिशवी आदळली. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशिन हलवलं, पण खालची जमीन कुणी बघितली का?" मग आपल्या हत्यारांतून समपातळी दाखवणारी पाणसळ काढून तिच्या हातात दिली. "हिला विचार. हिचं वय होत नाही."

दुसऱ्या दिवशी इस्पितळाचे फलक करायचे होते, कुठला विभाग कुठे ते दाखवणारे बाण. तिनं पाणसळ रुळावर ठेवली. आतला बुडबुडा सरळ डाव्या, म्हणजे उंच टोकाला पळाला.

"साहेब, मशिन उजवीकडे कललंय. पायाखाली पत्रे घालून समतल करा, मग चालवते."

"गवंड्याची हत्यारं इथं कशाला आणता? द्या तो रोल इकडे."

त्यांनी स्वतः रोल लावला, स्वतः बटण दाबलं. दहा हातांवर फिल्म सरकली, बाण चुरगळले आणि सगळा गुंता रुळाभोवती बसला. जावई गर्रकन वळले. "बघा! रोल नीट लावता येत नाही तुम्हाला!"

"मी?" तिचा आवाज कारखानाभर घुमला. "तो तुम्ही लावलात साहेब! तीन आठवडे माझे डोळे काढलेत, आता हातही काढता?"

आवाज ऐकून मालक धावत आले. त्यांनी बुडबुडा बघितला, गुंता बघितला आणि पत्रे आणवले. दोन पायांखाली पत्रे गेले, तिनं रोल चढवला. फिल्म शेवटपर्यंत कडेला कड धरून गेली, एक चुणी नाही.

"झालं ना? संपवा आता विषय," जावई केबिनच्या दारातून म्हणाले.

"नाही संपला. सगळ्यांदेखत बोललात, तर चुकलं हेही सगळ्यांदेखत म्हणा."

ते हसले आणि आत गेले. तिनं मालकांकडे बघितलं.

"बाई, घरचं माणूस आहे. मी काय बोलणार?" मालक पुटपुटले.

तिनं सगळे फलक पूर्ण केले. इस्पितळात येणाऱ्यांनी तिच्या रागापायी वाट का चुकावी? मग एप्रन खुंटीला अडकवला आणि निघाली. मालक फाटकापर्यंत आले. ती थांबली नाही.

आता ती बसगाड्यांवर जाहिराती चिकटवणाऱ्या एका दुकानात आहे. नवरा अधूनमधून विचारतो, "गेला का गं राग?"

"जाईल कशाला?" ती म्हणते. "जावईसाहेबांनी चुकलं म्हणायला अजून तोंड उघडलंय का?"