मनोऱ्याची चार फुटी भिंत

कोठारेसाहेबांनी माझ्या ड्रॉइंगवर पेन्सिलीचं टोक ठेवलं आणि विचारलं, “परब, ही घसरगुंडी कशासाठी?”

“रॅम्प आहे, सर. जनतेसाठी.”

त्या काळी माझं कुठलंही उत्तर तिथेच जाऊन थांबत असे. गिरगावातल्या त्यांच्या आर्किटेक्ट ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे साहेबांच्या कल्पना मोजमाप घालून कागदावर उतरवणारा माणूस. दिवसा मी नकाशे काढी. संध्याकाळी ऑफिसातल्याच ट्रेसिंग पेपरवर संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं लिही. अक्षर वळणदार होतं. डिलाईल रोडवरच्या निम्म्या भिंतींवरच्या घोषणा माझ्या हातच्या होत्या आणि मी चालताना त्या वाचत चाले.

आमच्याकडे तेव्हा एक काम आलं होतं. एका शेठजींच्या ट्रस्टला वरळीच्या उंचवट्यावर बाग आणि बागेत मनोरा बांधायचा होता. वर गच्ची असणार होती. एका अंगाला समुद्र आणि कोळीवाडा, दुसऱ्या अंगाला गिरण्या, असा देखावा. म्हाताऱ्या मंडळींसाठी लिफ्टही होती. पण लिफ्टपर्यंत पोचायला सहा पायऱ्या होत्या, कारण जोतं तीन फुटांचं होतं. जोतं म्हणजे इमारतीची फरशी जमिनीपासून जेवढी उचललेली असते तो भाग.

या सहा पायऱ्यांवर माझं रक्त उसळलं, त्याला कारण आमच्या चाळीतले सावळारामकाका. काकांनी वीस वर्षं गिरण्यांच्या चिमण्यांवर चढून डागडुजी केली. तिथून ते कधी पडले नाहीत. पडले ते घरात, स्टुलावर उभं राहून बल्ब बदलताना. कंबरेखालचं सगळं गेलं. गिरणीतल्या फिटर मित्रांनी वेताच्या खुर्चीला सायकलची चाकं लावून दिली आणि काका तळमजल्यावर राहायला आले. मनोऱ्याचं कळल्यावर ते एवढंच म्हणाले होते, एकदा वरून मुंबई बघायची आहे, मग काही मागणार नाही.

साहेबांनी पहिल्या दिवशी नकार दिला. रॅम्पला शेठजींच्या गुलाबाचा वाफा आड येत होता. मी समता, न्याय आणि घाम गाळणारे हात यांवर अर्धा तास बोललो. साहेबांनी शांतपणे विचारलं, चढ किती ठेवलात? ते मला माहीत नव्हतं. मग चाळीत फळी टाकून काकांची खुर्ची चढवून पाहिली. पहिल्या फळीवरून काका उलटे आले आणि चहाच्या किटलीवर थांबले. शेवटी असं ठरलं की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. तीन फुटांना छत्तीस फूट. साहेबांनी ते मोजमाप बघितलं, वाफा हलवला आणि सही केली. लिफ्टचं दारही मी खुर्ची नेऊन मोजून घेतलं.

इथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

गच्चीच्या कडेला साहेबांनी लोखंडी पाइपचं रेलिंग दाखवलं होतं. मला ते दुबळं वाटलं. एवढ्या उंच जागी, रस्त्यावरून दिसेल असं काहीतरी लिहिलेलं हवं. मी चार फुटांची भरीव भिंत सुचवली. बाहेरून तिच्यावर सिमेंटची अक्षरं: हा मनोरा सर्वांचा आहे. साहेब त्या आठवड्यात तापाने झोपले होते. “भिंत जास्त सुरक्षित,” असं मी त्यांच्याकडून घरी जाऊन वदवून घेतलं. शेठजींना तर अक्षरं फारच आवडली, कारण ती मोटारीतून वाचता येत होती.

उद्घाटनाला आठ दिवस होते. एका सकाळी मी काकांना घेऊन गेलो. रॅम्पवर खुर्ची अलगद चढली. लिफ्टमध्ये बसली. वर दार उघडलं. मी ती कडेला नेऊन लावली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

काकांनी मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे.

“वसंता, माका हयसून काय दिसता सांगू?”

“सांगा की.”

“भिंत. आनि वर आभाळ. आभाळ माका खाटयेवरसून पन दिसता.” मग त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. “भिंत मात्र बरी बांधलेली आसा हां.”

मी खाली वाकलो आणि माझे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणले. समोर प्लास्टर. माझ्याच घोषणेची पाठ.

ऑफिसात जाऊन कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. साहेबांनी चष्मा काढला.

“मूळ ड्रॉइंगमध्ये काय होतं, परब?”

“रेलिंग, सर.”

“मग भिंत?”

“अक्षरांसाठी, सर.”

“तुम्हाला मनोरा काढायला दिला होता,” ते म्हणाले. “तुम्ही पत्रक काढलंत.”

आता शेठजींना पटवायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते पाहणीला आले. मी दोन पानी भाषण खिशात घालून साहेबांबरोबर गच्चीवर तयार होतो. काकाही होते, कारण आपलं नाव निघणार तर आपण हजर असावं असं त्यांचं म्हणणं होतं. लिफ्ट त्या दिवशी नेमकी बंद पडली. काकांना मी आणि गवंड्यांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. शेठजी मात्र पायऱ्यांनी आले, घामाघूम झाले आणि सुताराच्या ठेंगण्या स्टुलावर बसले. रुमालाने मान पुसून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“समुद्र कुठे आहे?”

मी खिशात हात घातला. साहेबांनी माझा कोपर धरला.

“भिंतीच्या पलीकडे, शेठ,” काका म्हणाले. “माका पन कालच कळला.”

शेठजी उठले, बघितलं. परत बसले, परत बघितलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, उद्घाटनाआधी ही भिंत काढून होईल का? भाषण खिशातच राहिलं.

समुद्राची आणि गिरण्यांची, दोन्ही बाजूंची भिंत अक्षरांसकट पाडली. राडारोडा खाली उतरवायला मीही होतो; साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं, पण बघत होते. साहेबांचंच रेलिंग बसलं.

उद्घाटनाच्या दिवशी काका रेलिंगला कपाळ टेकून बसले. कोळीवाड्यात वाळत घातलेली मासळी, होड्या, मग मागे वळून चिमण्या. प्रत्येक चिमणीचं त्यांनी मला नाव सांगितलं आणि कुठली कुठे कच्ची आहे तेही. अर्ध्या तासाने म्हणाले, “वरसून खाली बघूचा आसता रे. समोरचा काय, रस्त्यावरसून पन दिसता.”

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असतात. आता कुठल्याही ड्रॉइंगला हात लावण्याआधी मी ते मोजतो, आणि ज्याचे डोळे आहेत त्याला विचारतो. घोषणा अजून लिहितो. पण कागदावर.