एर्मेलिनाच्या अंगठीचं सोनं

लोकरीच्या गिरणीतून कायमचं सुटल्यावर माणसं काय काय करतात. कुणी कोंबड्या पाळतं, कुणी चौकातल्या बारमध्ये दिवसभर पत्ते कुटतं. सेकोंदिनो नदीत जाऊन उभा राहिला. तेही ऐन थंडीत! पण आमच्या एल्वो नदीचं असंच आहे. डोंगरातला बर्फ वितळायचा थांबला की नदी अंग चोरते आणि एरवी पाण्याखाली असणारी रेती उघडी पडते. त्या रेतीत सोनं आहे. हुरळून जाऊ नका, दिवसभर गुडघाभर पाण्यात रेतीची परात फिरवली तर नखाच्या कडेवर मावतील एवढे कण. पोटासाठी हे कुणी करत नाही, ही निव्वळ हौस.

सेकोंदिनोच्या हौसेला मात्र कारण होतं. लग्नात एर्मेलिनाच्या बोटात घालायला त्याच्याकडे अंगठी नव्हती. मावशीची मागून आणली होती, ती दुसऱ्या दिवशी परत गेली. तेव्हा हा ऐटीत म्हणाला होता, "आपल्या नदीच्या सोन्याची करून घालीन तुला." पुढे सगळा जन्म गिरणीत गेला. आता लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि स्वयंपाकघराच्या फळीवर, पाणी भरलेल्या एका कुपीच्या तळाशी, सोनं साचत चाललं होतं. अजून एखादा चांगला हिवाळा मिळाला की अंगठी होणार होती.

परात धरायला त्याला देल्फिनोने शिकवलं. दोघं गिरणीत एकाच मागावर होते. देल्फिनोची बायको ओत्ताविया आणि एर्मेलिना लहानपणापासूनच्या मैत्रिणी. नदीवर दोघांच्या जागा ठरलेल्या, मोठ्या खडकामागची सेकोंदिनोची, खालच्या वळणावरची देल्फिनोची. आमच्याकडे हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण एकाच्या जागेत दुसरा हिवाळाभर फावडं घालत नाही. घातलंच तर त्याला लोक चोर म्हणतात.

दुसरा नियम तेलाचा. परातीला तेलकटपणा लागला की संपलं. इथलं सोनं पापुद्र्यासारखं पातळ, तेल लागलं की ते बुडतच नाही, पाण्यावर तरंगत निघून जातं. एखादा नवखा चरबीत मुरवलेलं सलामीचं मांस खाऊन तशाच हाताने परात उचलायला गेला की सेकोंदिनो अंगावर ओरडायचा, "अरे गाढवा, आधी साबणाने हात धू! नदी काय तुझ्या बापाची आहे?"

त्या हिवाळ्यात त्याच्या बोटांना भेगा पडल्या. रबरी हातमोजे होते, पण शेवटचा फेर, काळी वाळू काढून टाकायचा, उघड्या हातानेच द्यावा लागतो, मोज्यात काही कळत नाही. रक्त यायचं. एर्मेलिनाने वरच्या खोऱ्यातल्या बहिणीकडून मार्मोटच्या, म्हणजे डोंगरातल्या खारीसारख्या प्राण्याच्या, चरबीची बरणी आणवली आणि रोज सकाळी टेबलाशी बसवून त्याचे हात चोळायला लागली. एकेक बोट, चांगलं मुरेपर्यंत.

"मुलगा सासरी धाडतेयस की काय?" तो चेष्टा करायचा.

"गप बस. माझीच अंगठी आणायला निघालायस ना? मग हात माझे आहेत."

आता तुम्ही म्हणाल, एवढा तेलाचा नियम सांगणारा माणूस, त्याच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. ते तेल नव्हतं, औषध होतं. बायकोने चोळलेलं होतं, कातडीत मुरलेलं होतं. तेल म्हणजे ते, जे दुसऱ्यांच्या हाताला असतं.

आणि परात रिकामी यायला लागली. आज नाही, उद्याही नाही. खालच्या वळणावर देल्फिनोला मात्र मिळत होतं. मग एका पहाटे सेकोंदिनोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, देल्फिनो खडकामागून येत होता आणि त्याच्या हातात परात होती.

त्या संध्याकाळी बार भरलेला होता. देल्फिनो दोन पेले वाईन घेऊन त्याच्या टेबलाकडे हसत हसत आला.

"सेकोंदिनो, सरक जरा. तुझी एक गंमत सांगायचीय."

"गंमत? माझी जागा उपसतोस आणि वर गंमत सांगतोस? चोर आहेस तू. एर्मेलिनाच्या अंगठीचं सोनं चोरलंस!"

सगळे पत्ते थांबले. देल्फिनोने पेले टेबलावर ठेवले, टोपी घातली आणि तो निघून गेला. लोकांनी त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला. देल्फिनो पुन्हा नदीवर आला नाही, बारमध्येही नाही. प्रार्थनेनंतर त्याच्याशी हात मिळवायला कुणी थांबेना. एर्मेलिनाने ओत्तावियाशी बोलणं टाकलं. चर्चच्या पायरीवर ओत्ताविया पुढे आली, तर हिने चक्क पाठ फिरवली.

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला आणि गेला. अंगठी झाली नाही. "राहू दे रे," एर्मेलिना म्हणाली, "एवढी वर्षं कुठे अडलं होतं?" पण जेवताना तिने अंगठीच्या, डाव्या हाताची मूठ उघडली नाही. देल्फिनोचा सेकोंदिनोला असा काही संताप आला की त्या रात्री तो झोपलाच नाही.

पुढचा हिवाळाही कोरडाच गेला. त्याच्या पुढच्या थंडीत एर्मेलिनाची बहीण पाय मोडून पडली आणि एर्मेलिना दिवसभरासाठी पहाटेच तिच्याकडे गेली. सेकोंदिनो हात न चोळता तसाच नदीवर गेला. पहिलीच परात, आणि तळाशी कण! दुसऱ्या परातीत पुन्हा कण. म्हातारा पाण्यात उभ्या उभ्या मोठ्याने हसला. "आली गं बाई आली, नदी ताळ्यावर आली!"

दुपारी भेगा आग आग करायला लागल्या. बरणी पिशवीतच होती, जाताना एर्मेलिनाने आठवणीने घातलेली. त्याने चोळून घेतलं आणि परात पुन्हा पाण्यात धरली. पाण्यावर एक रंगीत तवंग पसरला. त्या तवंगावर बसून सोन्याचे कण सावकाश काठाकडे आले, परातीच्या कडेवरून उतरले आणि वाहून गेले. तो नुसता बघत राहिला.

संध्याकाळी त्याने देल्फिनोचं दार वाजवलं. देल्फिनोने दार उघडलं, पण तो बाजूला झाला नाही.

"देल्फिनो, चरबी होती रे. माझ्या हातांची."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"तवंग खाली माझ्याकडे वाहत यायचा. तरी खात्री करावी म्हणून पहाटे तुझ्या जागेत एक परात धुऊन पाहिली. सोनं होतं, भरपूर होतं. तेच सांगायला आलो होतो त्या दिवशी. म्हटलं, वाईन पाजून सांगू, नाहीतर हा चिडेल."

"मग सांगितलं का नाहीस? दोन हिवाळे, देल्फिनो!"

"चोराचं ऐकलं असतंस? पुलावरून बघायचो तुला. आधी आधी बरं वाटायचं, वाहू दे म्हणायचो. मग बरं वाटेनासं झालं. पण तोवर जीभ उचलेना."

"चुकलो रे. पाया पडतो तुझ्या."

"माझ्या दारात नको. चोर म्हणालास ते गावासमोर. तिथेच जाऊन सांग, आणि कारणासकट सांग. नाहीतर म्हणतील, म्हातारे पिऊन एकमेकांच्या गळ्यात पडले."

"सांगतो. उद्याच सांगतो."

"बघू," देल्फिनो म्हणाला आणि त्याने दार लावलं.

वाटेत सेकोंदिनोने मनात वाक्यं जुळवली. चरबीपर्यंत ठीक चाललं होतं. चरबी कुठली, हे आलं तसा तो थांबला. बारमध्ये बोललेलं रविवारच्या आत तिच्या कानावर जाणारच. तिची अंगठी तिनेच, स्वतःच्या हातांनी, रोज सकाळी नदीत सोडली, हे तिला कळणार. आणि त्यापायी तिने ओत्तावियाकडे पाठ फिरवली, हेही.

एर्मेलिना बहिणीकडून परतली होती. चुलीशी उभी राहून मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटत होती.

"कुठे होतास एवढा वेळ?"

"देल्फिनोकडे."

तिचा हात थांबला. "गेलास? मग? कबूल केलं का मेल्याने?"

तो टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"सांग ना रे. मी त्या ओत्तावियाला तोडलं, फक्त तुझ्या शब्दावर. रात्र रात्र वाटतं, आपलं चुकलं तर नाही? केलं ना त्याने कबूल?"

"केलं," सेकोंदिनो म्हणाला. "केलं कबूल."

"बघ! मला ठाऊकच होतं," एर्मेलिना म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. तिने पोलेंटा ताटात वाढला, वर चीज घातलं आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला आणि जेवायला लागला.