मायचं ‘न्हाय’

“न्हाऽय!” मॅडमनी माझ्या मायची नक्कल केली. ओढणीचं टोक तोंडावर धरून, मान तिरकी करून, अगदी तिच्यासारखी. पुण्याहून त्यांच्याबरोबर आलेली पोरं खो खो हसली. कॅमेरा धरलेला तर इतका हसला की त्याला कॅमेरा खाली ठेवावा लागला.

आमच्या राणीसावरगावातल्या देवळाचा सभामंडप. गावातल्या बाया सतरंजीवर बसलेल्या. भिंतीवर पांढरा पडदा आणि त्यावर फोनची स्क्रीन मोठी करून दाखवलेली. पडद्यासमोर माझी माय उभी. शाळेत खिचडी शिजवते ती, तिथून तशीच आलेली, लुगड्याला फोडणीचा वास. तीसुद्धा हसत होती. आपल्यालाच हसतायत हे तिला कळलं होतं, पण पाहुण्यांना ओशाळं वाटू नये म्हणून हसत होती. आणि मी पाहुण्यांच्या बाजूला उभी होते. माझ्या गळ्यात त्यांच्याच कंपनीचं ओळखपत्र होतं.

मी मोबाईलच्या ॲपच्या स्क्रीन आखते. बटन कुठे हवं, अक्षर केवढं, रंग कोणता, बोट कुठे पोचतं. परभणीला शिकले आणि पुण्यात नोकरी लागली. एक संस्था पत्र्याखाली राहणाऱ्या बायांना पक्की घरं बांधून देणार होती. अर्ज ॲपवर भरायचा आणि ते ॲप आमच्या कंपनीनं बनवायचं. पहिलाच तालुका आमचा गंगाखेड निघाला, म्हणून मॅडमनी मला बरोबर घेतलं. मॅडम म्हणजे या कामाच्या प्रमुख. स्वभावानं गोड. मला पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, “किती शुद्ध बोलतेस गं तू! तिकडची वाटतच नाहीस. आडनाव काय म्हणालीस?” आडनाव सांगितल्यावर त्या “अच्छा” म्हणाल्या. त्या ‘अच्छा’चा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो.

ॲप आरामदायी हवं, हा त्यांचा मंत्र. वापरणाऱ्याला वाचायला लागू नये, विचार करायला लागू नये, बोट दुखू नये. मी दोन चित्रं काढली होती. एक पत्र्याचं घर, एक स्लॅबचं. तुमचं कोणतं, त्यावर बोट ठेवा. माझ्या मायला ते झोपेतही जमलं असतं. मॅडमनी मान डोलवली. “छान आहे. पण गिचमीड होतंय.” चित्रं गेली. मागे जायचं बटन होतं, तेही गेलं. त्यानं म्हणे माणूस गोंधळतो. शेवटी स्क्रीनवर उरला हळदीच्या रंगाचा एक गोल. मशीन प्रश्न विचारणार, बाई बोलणार, उत्तर नोंदवलं की पुढचा प्रश्न. किती सोपं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ग्रामीण बाज म्हणून मशीनला एक शब्द खास शिकवला होता. खेड्यात ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात, तेव्हा ‘हाय’ ऐकलं की ‘होय’ समजायचं. त्याचं फार कौतुक झालं ऑफिसात. आमचा नकार कसा असतो, हे शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या सभामंडपात मशीननं मायला विचारलं, “आपल्याकडे पक्के घर आहे का?”

माय परक्यांसमोर पदर तोंडाला लावूनच बोलते. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या सगळ्याच बाया तशा बोलतात, तो अदब आहे. आमच्यात कुणी ‘न्हाई’ म्हणतं, माय ‘न्हाय’ म्हणते. पदरात ‘न्’ अडकला. मशीनला ‘हाय’ तेवढं पोचलं.

“आपले उत्तर ‘होय’ असे नोंदवले आहे. धन्यवाद.”

माय दचकली. “न्हाय वो बाई! न्हाय म्हनायलेय मी. कुटलं पक्कं घर?”

ती पडद्याशी बोलत होती. पडद्यावर पुढचा प्रश्न आला होता. कुटुंबात माणसं किती. ती पुन्हा म्हणाली, “न्हाय!” जरा मोठ्यानं, हात हलवून. मशीन म्हणालं, “कृपया आकडा सांगा.” तेव्हा मॅडमनी ती नक्कल केली.

मी पुढे झाले. “मॅडम, ती नाही म्हणाली.”

“अगं, मला कळलं गं. पण सिस्टिमला कळायला नको?”

“मागे घेता येईल ना?”

“मागे जायचं बटन आपण काढलं ना.” ‘आपण’ म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, “आज नुसती सुरुवात आहे. दुरुस्ती नंतर करू.”

बायांना मात्र सुरुवातीलाच सांगितलं होतं, की आज जे बोलाल तीच तुमची दरखास्त.

आम्ही घरी आलो. घर म्हणजे एक पत्र्याची खोली आणि मागची मातीची भिंत. दर पावसाळ्यात ती भिंत फुगते आणि माय तिला आतून लाकडाची टेकणं लावते. वडील गेले त्या वर्षी एक कोपरा ढासळला, तिथं अजून ताडपत्री आहे. पुण्याच्या पगारातून खोलीभाडं देऊन उरतं त्यात भिंत होत नाही. ही घराची योजना आली तेव्हा मायनं चूल कुठल्या कोपऱ्यात ठेवायची तेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

चूल पेटवताना म्हणाली, “माझ्यामुळं तुला खाली बघावं लागलं का गं?”

माझ्या अंगाची आग होत होती आणि मी तिच्या हातात लाकडं देत होते. एवढंच केलं मी त्या दिवशी.

यथावकाश मायच्या फोनवर निरोप आला. आपल्याकडे पक्के घर असल्याने आपण अपात्र आहात. गावातल्या आणखी बऱ्याच बायांना तसाच आला. मी रजा टाकून पुण्याहून गावी आले. पत्र्याखाली बसून त्या एकमेकींना निरोप दाखवत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या माझ्याकडे आल्या. मी वाचून दाखवला. एकीनं विचारलं, “आमी कवा म्हनलो घर हाय म्हून?”

मी मायला घेऊन एसटीनं गंगाखेड, तिथून रेल्वेनं परभणीला, संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब भले गृहस्थ होते. खुर्ची दिली, पाणी दिलं. संगणकावर मायचा आवाज लावला. मशीनचा प्रश्न, मग पदराआडचा मायचा आवाज, मग ‘होय असे नोंदवले आहे’.

“आवाज तुमच्या आईंचाच आहे ना?”

“हो. पण ती नाही म्हणतेय. नीट ऐका.”

त्यांनी पुन्हा ऐकलं. त्यांना ऐकू आलं, चेहऱ्यावर दिसलं मला. तरी म्हणाले, “मला काय ऐकू येतं त्याला किंमत नाही हो. नोंद काय आहे ते मी बघतो.”

“मग घर येऊन बघा.”

“पाहणी ठेवलेलीच नाही. सगळं ॲपवर. म्हणून तर वशिला चालत नाही.”

माय खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिनं पदर खाली घेतला. उभ्या आयुष्यात परक्या पुरुषासमोर पहिल्यांदा. म्हणाली, “साहेब, मी इथं समोर बसून सांगायलेय. मला घर न्हाय.”

साहेब हळूच म्हणाले, “मावशी, मला बदलता येत नाही.”

मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुरुस्तीचं विचारलं तर म्हणाल्या, ती पुढच्या टप्प्यात, जुने अर्ज उघडता येणार नाहीत. मग म्हणाल्या, “खरं सांगू का? ॲप उत्तम आहे. प्रश्न त्यांच्या उच्चारांचा आहे.” नाचता येईना अंगण वाकडं, असं आम्ही म्हणतो. इथं तर अंगणालाच नोटीस काढली होती.

मी अजून गावातच होते. एका सकाळी बघते तर माय चुलीपुढे बसून ओठ हलवतेय. मला वाटलं देवाचं म्हणतेय. जवळ गेले. “ना... ही. ना... ही.” मला बघून लाजली. “मला नीट म्हनायला शिकव की. पुन्यांदा इचारलं तर चुकायला नको.”

पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. तिला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, “नाही.” ती म्हणाली, “न्हा-ही.” “नाही.” “न्हाही.” कपाळावर घाम आला तिच्या. साठीची बाई, लेकीसमोर पाटी फुटलेल्या पोरीसारखी बसलेली. तिची जीभ साठ वर्षं बरोबर होती. याच जिभेनं तिनं मला बोलायला शिकवलं. मी उठून बाहेर गेले आणि ताडपत्रीच्या मागे उभी राहून रडले.

त्याच आठवड्यात ऑफिसची मीटिंग. मी गावातूनच फोनवर होते. मॅडमनी नवीन काम सांगितलं. ॲप सुरू झालं की आधी एक छोटं कार्टून दाखवायचं. नऊवारीतली एक मावशी, हातात खडू घेतलेली बाई, आणि मावशीला शिकवायचं, की पदर तोंडावरून काढा, ‘हो’ किंवा ‘नाही’ असं स्पष्ट आणि शुद्ध म्हणा. चुकलं की मावशी जीभ चावणार. बरोबर आलं की टाळ्या.

“तू काढ हे,” मॅडम मला म्हणाल्या. “तुझ्याइतकं ऑथेंटिक कोण काढणार? आईंचा तो पदर डोळ्यासमोर ठेव. एकदम क्यूट.”

मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “न्हाऽय!” पुन्हा तेच हसू.

माझ्या तोंडून निघालं, “मी न्हाय काढणार.”

“काय? तुझा आवाज तुटतोय.”

“तुटत न्हाई. मी काढणार न्हाई. जिभेत खोट नाही आमच्या. तुमच्या मशीनला कान नाहीत. शिकवायचं तर त्याला शिकवा.”

मग मॅडम अतिशय मवाळ आवाजात म्हणाल्या, “तू फार मनाला लावून घेतेस. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ या.”

दिलं. दुसऱ्या कुणीतरी कार्टून काढलं. चांगलं काढलंय, रंगही छान आहेत, मावशी बरीचशी माझ्या मायसारखी दिसते. मला आधी या कामातून काढलं आणि मग नोकरीतून. कारण लिहिलं, संघभावना कमी. मायचा अर्ज बंद आहे. भिंत यंदाही फुगली. माझ्या बोलण्यानं कुणाचं एक वीटभर काम झालं नाही. हे असंच आहे, आणि ते गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. खूप वेळा वाटतं, आपण कुणाच्या कानावर पडतच नाही. ओरडलं तरी नोंद वेगळीच होते.

आता तेच ॲप पालम तालुक्यात येतंय. तशीच सतरंजी, तसाच पडदा. मी जाणार आहे. त्याआधी गावोगाव एसटीनं फिरून बायांना सांगणार आहे, की मशीनसमोर तोंड उघडू नका. समोर माणूस बसवा म्हणा. घर येऊन डोळ्यांनी बघा म्हणा. मग बोला, तुमच्या तोंडात बसेल तसं बोला. काही जणी मलाच हाकलतील. घराची आशा आहे त्यांना, त्या बोलणारच, आणि मी त्यांना दोष देणार नाही. कदाचित सगळ्याच बोलतील आणि मी एकटीच पडद्यासमोर आडवी उभी असेन. मला धरून बाहेर काढतील. मी दारात उभी राहीन. दारातून काढतील, तर रस्त्यावर. पण यापुढे माझ्या देखत एकाही बाईचा नकार कुणी होकार म्हणून लिहून घेणार नाही.