ट्रक रुळेपर्यंत

या जगात वाईट वस्तू नाही आणि वाईट माणूसही नाही, जे काही आहे ते फक्त अजून रुळलेलं नाही, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिला आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मालवणहून जाताना कुडाळच्या अलीकडे त्यांचं गाव. सगळा गाव त्यांना दादा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. मालवणात माझं कापडाचं लहानसं दुकान आहे, तेवढ्या भांडवलावर ते मला शेठ म्हणतात.

दादांनी नवी चप्पल आणली की पहिले काही महिने ती फक्त घर ते विहीर एवढ्याच प्रवासाला जाते. लग्नाकार्याला ते अंगठा तुटलेली जुनी चप्पल घालून येतात आणि ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, डोळे वटारले की शांतपणे सांगतात, "नवी अजून गर्दीत जावच्या लायक नाय." घरात मिक्सर आला तेव्हा सुरुवातीला त्यात नुसतं पाणी फिरवलं गेलं, मग ताक, आणि खोबऱ्याला परवानगी मिळेपर्यंत ताई पाट्यावरच वाटण वाटत राहिल्या. नवा मोबाइल पहिला महिनाभर फक्त आलेले फोन घेण्यासाठी होता. "पयल्याच दिवसापासून बोलूक लावलास तर तो दमतलो," असं त्यांनी मला सांगितलं, तेही माझाच फोन वापरून. नव्या बिडाच्या तव्यावर घावणे चिकटतात हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते फाटके घावणे कुत्र्याला घालायचे हेही ठाऊक असतं. दादांच्या घरी मात्र ते फाटके घावणे दादा स्वतः खातात, चांगले झाल्यासारखा चेहरा करून, आणि वर ताईंना बजावतात, "तव्यासमोर तोंड वाकडा करू नको गो. तेका समजता." माणसांनाही हाच न्याय. गावात नवा तलाठी आला, नवा मास्तर आला, त्याच्याबद्दल कुणी तक्रार घेऊन आलं की दादा म्हणणार, वर्षभर थांबा. माझ्या लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर एका पंगतीत मी मागून दुसऱ्यांदा सोलकढी घेतली, तेव्हा त्यांनी ताईंकडे वळून समाधानाने सांगितलं होतं, "आता शेठ रुळलो." तोपर्यंत माझं काय चाललं होतं हे मी विचारलं नाही.

अशा माणसाने नवा ट्रक घेतला. दादांचा धंदा चिरे वाहून नेण्याचा. खाणीवरून जांभ्याचे चिरे भरायचे आणि मालवण, कुडाळ, कणकवली, जिथे घर उभं राहत असेल तिथे नेऊन उतरवायचे. जुना ट्रक लवू चालवायचा. लवू म्हणजे त्यांचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, कमी बोलणारा, हसायचं झालं तर मान खाली घालून हसणारा. त्याला गाडी दादांनीच शिकवली. शिकताना त्याने एकदा शाळेचं फाटक पाडलं आणि एकदा गावच्या सरपंचांचा गोठा. दोन्ही वेळा दादांनी स्वतःच्या खिशातून दुरुस्ती केली आणि लोकांना सांगितलं की पोर चांगलं आहे, अजून रुळलेलं नाही. पुढे लवू असा रुळला की दादा गाडीत बसायचेच बंद झाले. नवा ट्रक आला तो मात्र कणकवलीला राहणाऱ्या एकुलत्या एका धाकट्या भावाच्या भागीदारीत, आणि नवी वस्तू म्हटल्यावर दादा हार घातलेल्या त्या ट्रकच्या केबिनमध्ये जे चढून बसले ते उतरायचं नावच घेईनात.

नवं इंजिन रुळवायचं दादांचं शास्त्र मोठं होतं. भार निम्माच घालायचा. फार जोरात जायचं नाही, फार हळूही नाही आणि मुख्य म्हणजे एका वेगाने जायचं नाही, कारण मग इंजिनाला तीच सवय लागते. त्यामुळे कुडाळ-मालवण रस्त्यावर तो ट्रक मध्येच पळायचा, मध्येच रेंगाळायचा, आणि हा आपल्याला वाट देतोय की आपल्याशी शर्यत लावतोय हे मागच्या एसटीच्या ड्रायव्हरला काही केल्या उमजायचं नाही. शेवटचा नियम असा, की नवं इंजिन एकदम बंद करायचं नाही. का, तर ते दचकतं.

ॲव्हरेज अर्थातच वाईट पडलं. शोरूममधल्या माणसाने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपाससुद्धा ट्रक फिरकेना. धाकटे भाऊ कणकवलीहून दर आठवड्याला फोन करायचे. "दादा, डिझेल खंय जाता?" दादा सांगायचे, "इंजिन अजून घट्ट आसा. मोकळा झाला काय आपसूक देतला." हे काही खोटं नव्हतं. नव्या इंजिनाचे आतले भाग एकमेकांशी सरावेपर्यंत डिझेल जास्त लागतं, हे कुडाळचे मेकॅनिकही सांगतात. पहिली सर्व्हिसिंग झाल्यावर ॲव्हरेज थोडं वाढलंही. दादांनी त्या दिवशी घरात शिरा करायला लावला. पण वाढलं ते तेवढंच, आणि मग तिथेच अडून बसलं. दुसरी सर्व्हिसिंग झाली तरी ढिम्म. आता धाकट्या भावांचा सूर बदलला. ते एक दिवस घरी आले आणि ओटीवर बसून सरळ म्हणाले, "इंजिन खाणा नाय, दादा. लवू खाता. टाकीतला काढून इकता. तेका काढ."

ड्रायव्हरवर डिझेलचोरीचा शिक्का बसला की आमच्या भागात त्याला दुसरा कुणी गाडीला हात लावू देत नाही, आणि पन्नाशीच्या लवूला गाडी चालवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. दादा संतापले, नाही नाही म्हणाले, पण मी तिथे होतो आणि मला दिसलं की जन्मात पहिल्यांदा त्यांचं शास्त्र त्यांना पुरं पडत नव्हतं. त्यांनी पानावरचा भातसुद्धा तसाच ठेवला. ताईंनी मला खुणेने बोलावून सांगितलं, "शेठ, तुमी तरी बघा काय ता. लवू नाय असो."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी चिऱ्यांच्या ट्रकमधून मालवणला परतलो. वाटेत एका वडाखाली चहाची टपरी आहे. लवूने ट्रक बाजूला घेतला, दादा उतरले, आणि टपरीवर जो भेटेल त्याच्याशी बोलायला बसले. काजूचा भाव झाला, कुणाच्या तरी मुलीचं लग्न झालं, मग तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. चहा दोनदा झाला. मी केबिनमध्येच बसलो होतो आणि माझ्या पायाखाली इंजिन तसंच चालू, घुर्रघुर्र करत होतं. मी लवूकडे बघितलं. लवूने मान खाली घातली.

"रोज असाच?" मी विचारलं.

"एका खेपेत तीन-चार जाग्यार," तो म्हणाला.

"आणि तू सांगत नाय?"

"कसा सांगू, शेठ? शाळेचा फाटक पाडलंय तेव्हा माका कोणी दारात उभो करी नाय होतो. दादांनी माका रुळूक वेळ दिल्यानी. आता मी तेंका सांगू काय तुमीच डिझेल जाळतास म्हणान? तुमीपण सांगू नकात. तेंका लय वायट वाटतला." मला लवूचा रागही आला आणि त्याचं म्हणणं पटलंही. सांगणार नाही असं मी कबूल केलं खरं, पण रात्रभर चुळबुळत राहिलो.

तिकडे धाकट्या भावांनी ठरवून टाकलं होतं की देवाला कौल लावायचा. आमच्याकडे ही शेवटची पायरी. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. मग त्यावर कुणी बोलायचं नाही. दादांनी टाळायचा शक्य तेवढा प्रयत्न केला. "देवाक तरी कसा कळतला? गाडीचा ॲव्हरेज अजून ठरलाच नाय!" असंही त्यांनी म्हणून बघितलं. पण लवूच पुढे येऊन म्हणाला, "लावा कौल. माझी हरकत नाय." तेव्हा त्यांचा इलाज चालेना.

कौलाच्या सकाळी सगळे देवळात जमले, मीही मालवणहून गेलो. दादा आणि लवू ट्रकनेच आले आणि ट्रक देवळाच्या आवाराबाहेर उभा राहिला. कळ्या लावून झाल्या. गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इलीसत..." "व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. "ह्येंच्या नव्या गाडयेचा डिझेल जाता खंय ता कळणा नाय..." "व्हय म्हाराजा." "जो कोण ता डिझेल खाता, तेका आज सगळ्यांसमोर उभो कर..." इथे गुरवाने आवाज चढवला, मग आणखी चढवला, मग थांबलाच आणि वैतागून मागे वळला. "अरे, काय ऐकाक येणा नाय! आदी ता बाहेरचा इंजिन बंद करा रे!"

लवू जाग्यावरून उठला. दादा सवयीने म्हणाले, "एकदम बंद करू नको रे, दचकतला."

बाहेर ट्रक एकटाच बोलत होता. दादांनी त्या आवाजाकडे कान लावला. त्यांनी लवूच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला नजर चुकवता आली नाही. अजून एकही कळी पडली नव्हती. दादा उठले, गुरवाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हात जोडून स्वच्छ आवाजात म्हणाले, "म्हाराजा, कौल नको. गाडी कदीचीच रुळली. मी रुळलंय नाय. चाय पितंय मी आणि डिझेल जाळतंय मी. लवूक काय म्हणू नको." कुणाच्याच तोंडून "व्हय म्हाराजा" निघेना. शेवटी ते लवूनेच म्हटलं, अगदी हळू. धाकट्या भावांनी बाहेर जाऊन स्वतः इंजिन बंद केलं. ते दचकलं नाही.

त्या दिवसापासून दादा केबिनमधून उतरले. ट्रक आता शोरूमवाल्याच्या आकड्याला जाऊन टेकला आहे, धाकटे भाऊ लवूसाठी कणकवलीहून मिठाई आणतात, सगळं जिथल्या तिथे आहे. दादा दिवसभर ओटीवर असतात. संध्याकाळी ट्रक आला की विचारतात, "किती दिल्यान?" लवू आकडा सांगतो, आकडा चांगला असतो, आणि दादा "बरा झाला" म्हणून आत जातात. एवढ्या चांगल्या आकड्यावर इतका लहान होणारा चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही.

परवा मी त्यांच्याकडे होतो. सकाळी लवू ओटीपाशी येऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, इंजिन परत जरा घट्ट वाटता. तुमी बसल्याबगर मोकळा जावचा नाय." असं तो अधूनमधून म्हणतो, हे मला ताईंनी आधीच सांगितलं होतं. त्या दिवशीचं ॲव्हरेज पडतं आणि कणकवलीहून फोन येत नाही. दादा लगेच उठले, जुनी चप्पल पायात सरकवली. मी त्यांना केबिनमध्ये चढायला हात दिला आणि हळूच विचारलं, "दादा, इंजिनाला काही झालेलं नाही, माहीत आहे ना?"

"माका कळता रे, शेठ," ते वर बसत म्हणाले. "पण लवू अजून खोटा बोलूक रुळलो नाय. जरा वेळ देवया तेका."

ट्रक निघाला. थोडा पळाला, थोडा रेंगाळला, मग पुन्हा पळाला. वळणापर्यंत मला दादांचा हात खिडकीबाहेर दिसत होता. मला त्या दिवशी मालवणला लवकर पोचायचं होतं, दुकान उघडायचं होतं, पण मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.