दोनशे मेंढरं टोचली, लेक राहिली

आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाईचं आणि माझं वैर असं, की तिची स्कूटी धारूरच्या घाटात वाजली की इकडं माझं डोकं तापायचं आणि वाड्यातल्या मेंढ्यांचं दूध आटायचं. तो आवाज ऐकून एक लांडगा तोंडातलं कोकरू टाकून पळाला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणखी कुणी पाहिलं नाही, कारण तिथं आणखी कुणी नव्हतं.

वैर सुरू झालं माझ्या दीड वर्षाच्या लेकीवरून. नवव्या महिन्यात तिला गोवराची पहिली लस दिली होती. आठवड्यानं थोडा ताप आला, अंगावर बारीक पुरळ उठलं आणि दोन दिवसांत मावळलं. तेवढ्यात आईनं लिंबाचा पाला उशाला ठेवला, घरातली फोडणी बंद केली आणि निकाल देऊन टाकला, "बाई येऊन गेल्या. आता परत सुई टोचली तर कोपतील." गोवराला आमच्यात बाई म्हणतात; ती पाहुणी येते, तिचा मान राखायचा. आईपुढं मान वर करायची हिंमत आमच्या घरात एकदा एका एडक्यानं केली होती. पुढच्या बाजारात तो विकला गेला.

बायको मात्र दुसऱ्या डोसाचं मनात धरून होती. एके दिवशी सरपणाचं निमित्त सांगून ती लेकीला कडेवर घेऊन उपकेंद्रात गेली. जाऊन येऊन दहा किलोमीटर; मी लोकांना चाळीस सांगतो. उन्हानं लाल होऊन परत आली.

"टोचलं का?" मी विचारलं.

"न्हाई. एका लेकरासाठी बाटली फोडता येत न्हाई म्हनली. लसीकरणाच्या दिवशी ये म्हनली."

त्या दिवसापासून मी ठरवलं, या नर्सबाईला माझ्या लेकीचं नखसुद्धा दिसू द्यायचं नाही. ती वाड्यावर आली की माझं उत्तर तयार असायचं, "पोरगी नेकनूरला मामाकडं गेली." त्या पावसाळ्यात पोरगी मामाकडं इतक्या वेळा गेली, की मामाच्या रेशनकार्डावर तिचं नाव चढायला हवं होतं. खरं तर ती कोकरं झाकायच्या डालग्यामागं बसून माती खात असायची.

एकदा नर्सबाईनं दोरीकडं बोट केलं. "लंगोट वाळत हायत."

"माझे हायत," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

दिवाळीनंतर आमची मेंढरं गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी उतरतात. त्या साली निघायच्या तोंडावर खबर आली, की तिकडं वस्तीवस्तीवर गोवर आहे आणि एक लेकरू बीडच्या दवाखान्यात पडलंय. बायको म्हणाली, "आता आपण तिकडंच चाललो. ही अशीच न्यायची?" एकीकडं आई, दुसरीकडं ती नर्स. दोघींपैकी कुणापुढं नमायचं हेच मला ठरवता येईना.

निघायच्या आदल्या दिवशी मी मेंढरांना आंत्रविषाराची, म्हणजे मेंढरं पटापट मारणाऱ्या पोटाच्या रोगाची लस टोचत होतो. थर्मासात बर्फ, बर्फात बाटली. आई एकेक मेंढी पायात दाबून धरत होती आणि वरून बजावत होती, "एकबी सोडू नको. एक राहिली तर कळप आडवा करंल."

तेवढ्यात मागून आवाज आला, "मेंढरांना कुनी मामा न्हाई वाटतं नेकनूरला."

मला ऐकू येऊ नये म्हणून नर्सबाई स्कूटी बंद करून ढकलत चढ चढली होती. लेक समोरच पोत्यावर बसलेली.

"हिला बाई येऊन गेल्या," आई गुरगुरली. "तू चालती हो."

"ते लसीचं पुरळ व्हतं, आजी. आन् मागल्या साली टोचलं म्हनून औंदा एकतरी मेंढी सोडली का तुमी?"

आईनं धरलेल्या मेंढीचा पाय सोडला. मेंढी लंगडत पळाली. मी गप्प बसेन तर कसला.

"लई शहाणी हायस, तर मग माझी बायको उन्हात आलती तवा कावून न्हाई टोचलं?"

"फोडलेली बाटली चार तासांत संपवावी लागती. उरलेली फेकली की वरून बोलणी मला बसतात. आजबी दहा लेकरांची बाटली हाय. लेकरं गोळा करा, न्हाईतर मी चालले."

माझ्या हातातली बाटलीसुद्धा फोडलेली होती. उरलेली लस वाया जाऊ नये म्हणून सकाळीच मी शेजारच्याला त्याची मेंढरं आणायला सांगितलं होतं. नर्सबाईचं म्हणणं मला कळलं. ते तिला कळू दिलं नाही.

टेकाडावर उभा राहून मी अशी आरोळी दिली, की बीडच्या स्टँडवर गाड्या थांबल्या असतील. लांडगा आला समजून आसपासच्या वाड्यांतले लोक काठ्या घेऊन धावत आले. मी सांगून टाकलं, "ज्याचं लेकरू टोचायचं राहिलं त्यानं उद्या माझ्यासंगं निघायचं न्हाई." एकट्यानं मेंढरं घेऊन रानात उतरायला कुणाची छाती होत नाही. शिव्या देत देत सात लेकरं आली, आमची आठवी.

"दोन कमी हायत," नर्सबाई म्हणाली.

"दोन्ही मला टोच."

ती हसली नाही. बाटली मात्र फोडली. बायकोनं पहिला नंबर लावला. सुई शिरली तशी लेकीनं असा टाहो फोडला, की दरीतले मोर उत्तर द्यायला लागले.

"अर्धा तास कुनी जायचं न्हाई, मी बघनार," असं म्हणून नर्सबाई दगडावर बसली. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, मीही नाही.

इकडं तीस मेंढरं बाकी आणि बर्फ वितळत चाललेला. आई पाठ फिरवून बसलेली. बायकोनं रडती लेक आईच्या मांडीवर ठेवली. "घ्या हिला. मला मेंढरं धरायची हायत."

आईला घ्यावंच लागलं. ती त्या दंडावर फुंकर घालत होती आणि दोन फुंकरींच्या मधे नर्सबाईला, मला आणि सरकारला शिव्या मोजत होती. नर्सबाई सगळं ऐकत होती. घड्याळाकडं बघत ती तिथंच बसून राहिली.